पायवाटेचे देणे

प्रतिभा ही परमेश्वराची देणगी आहे असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु ही देणगी सहसा घरपोच येत नाही. ती स्वीकारण्यासाठी माणसाला उंबरठा ओलांडून बाहेर पडावे लागते, आणि शक्यतो पायी. वाहनातून जाणाऱ्याला रस्ता दिसतो. चालणाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे जग दिसते.

सेमिनरीत शिकत असताना जेरार्ड मॅनली हॉपकिन्स या इंग्रज कवीशी माझा परिचय झाला. १८६८ साली येशूसंघात प्रवेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या कविता जाळून टाकल्या आणि वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज काव्यलेखन करायचे नाही, असा निश्चय केला. पुढील सात वर्षे त्यांची कविता जवळजवळ मुकी होती. या काळात त्यांनी पायांना मात्र विश्रांती दिली नाही. त्यांच्या त्या वर्षांच्या रोजनिश्या ढगांच्या आकारांनी, लाटांच्या घड्यांनी, रानफुलांच्या बारकाव्यांनी भरलेल्या आहेत. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे, दुसऱ्या कशातही न सापडणारे असे एक अंतःस्वरूप असते, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी ‘इनस्केप’ हा शब्द घडवला.

१८७४ साली ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते उत्तर वेल्समधील सेंट बायनोज येथे आले. डोंगरउतारावर वसलेली ती वास्तू, खाली पसरलेले क्लूइड नदीचे खोरे. तेथे फिरता फिरता ते स्थानिक वेल्श भाषाही शिकू लागले. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइशलँड’ नावाचे जहाज टेम्स नदीच्या मुखाजवळ फुटले आणि जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनींना जलसमाधी मिळाली. या घटनेवर कोणीतरी काव्य लिहावे, असे रेक्टर सहज बोलून गेले आणि हॉपकिन्स यांचे मौन सुटले. १८७७ साली, गुरुदीक्षेपूर्वीच्या काही महिन्यांत, त्यांनी त्याच खोऱ्यात एकामागून एक सुंदर सुनीते लिहिली. ती त्या वर्षी जन्मली असली तरी त्यांचे बीज मुक्या वर्षांतल्या पायपिटीत पडले होते, असे मला वाटते.

या कवीची मला अलीकडे फार आठवण झाली, ती माझ्या गरजेपोटी. काही वर्षांपूर्वी वसईतील एका धर्मग्रामात माझी बदली झाली. तेव्हापासून दीड वर्ष कवितेची एक ओळही सुचली नाही. रविवारचे प्रवचनही पुस्तकांतून उभे करावे लागे. त्याला या मातीचा वास नसे. लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतून माणसांची नावे पाठ झाली होती, पण त्यांची भूमी अनोळखीच होती. मग सकाळच्या मिस्सानंतर आजाऱ्यांच्या भेटीसाठी मी मोटारसायकल न काढता पायी जाऊ लागलो.

पहिले काही महिने काहीच घडले नाही. केवळ दिसू लागले. केळीचे नवे पान सुरळीतून किती सावकाश उलगडते, नागवेल आधाराला कशी बिलगते, खंड्या पाण्यावर झेप घेण्यापूर्वी मान कशी स्थिर करतो. दिसू लागल्यावर विचारावेसे वाटले, आणि विचारल्यावर शब्द मिळू लागले. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या एका कोळीदादांनी मला उधाण आणि भांग यांतला फरक समजावून दिला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ती उधाणाची मोठी भरती. अष्टमीच्या आसपास समुद्राचा जोर ओसरतो तो भांग. “फादर, भांगाला दर्या थकलेला नसतो, तो दम घेत असतो,” ते म्हणाले. माझ्या शुष्क दिवसांचा अर्थ मला त्या वाक्यात गवसला. त्या रात्री बऱ्याच काळानंतर लेखणी हाती घेतली.

परंतु या वाटांनी आनंदाबरोबर एक काळजीही माझ्या पदरात टाकली. आमच्या वाड्यांतून पूर्वी जागोजागी बावखले होती. बागायतीला पाणी पुरावे म्हणून पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी जिरवून भोवतीच्या विहिरींना जिवंत ठेवीत. त्यांतली कित्येक आज बुजवली गेली आहेत. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा शब्द उच्चारला, तेव्हा एका मुलाने विचारले, “फादर, बावखल म्हणजे काय?” त्याचे घर ज्या इमारतीत आहे, तिच्या वाहनतळाखाली त्याच्या पणजोबांचे बावखल बुजलेले आहे. पाणी गेले, आणि त्यामागोमाग शब्दही निघाला होता.

हॉपकिन्स यांनाही हे दुःख ठाऊक होते. १८७९ साली ऑक्सफर्डजवळ बिन्सी येथील त्यांच्या आवडत्या वाटेवरची पॉप्लरची झाडे तोडली गेली, तेव्हा त्यांनी त्यांवर विलापिका लिहिली. पुढे लिव्हरपूलच्या धुराने काळवंडलेल्या वस्तीत सेवा करताना त्यांचा जीव कोंडला. तरीही तेथे त्यांनी एका मृत घोडेनालबंदावर सुनीत लिहिले. त्याच्या आजारपणात त्यांनी त्याची शुश्रूषा केली होती. पानाफुलांचे अंतःस्वरूप न्याहाळून घडलेली दृष्टी अखेर माणसापाशी पोहोचली. निसर्गात चालण्याचे याहून मोठे फळ मला ठाऊक नाही.

आता महिन्यातून एका रविवारी दुपारी मी मुलांना घेऊन वाड्यांतून हिंडतो. आजी-आजोबांना विचारून ती वहीत नावे टिपतात: झाडांची, वाऱ्यांची, बुजलेल्या तळ्यांची. वाहनतळाजवळच्या त्या मुलाने गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती एक निबंध दिला. पहिल्या मोठ्या सरीत गावातले पाणी सर्वांत आधी त्याच्या इमारतीखाली साचते, असे त्याने लिहिले होते; आणि निबंधाला शीर्षक दिले होते, ‘आमचे बावखल’.