सैल बाजू

काव्यशास्त्राच्या तासाला मी गेली अनेक वर्षे दंडीचा ‘काव्यादर्श’ शिकवते. श्लेष या गुणाची व्याख्या दंडी शैथिल्याच्या आधाराने करतो: ज्या बंधाला शैथिल्याचा स्पर्श झालेला नाही, तो श्लिष्ट. अल्पप्राण अक्षरांची गर्दी झाली की रचना शिथिल होते. गौड कवी अनुप्रासाच्या ओढीने ती चालवून घेतात, वैदर्भांना मात्र घट्ट बंध हवा. ‘वैदर्भ’ हा शब्द आला की मराठीच्या वर्गात एक सुखद चुळबुळ होते, आणि शैथिल्य हा दोष असे वहीत उतरवून आम्ही पुढच्या गुणाकडे वळतो. या दोषाकडे मला पुन्हा वळावे लागले ते कोपरखैरण्याच्या एका गॅरेजात.

गॅरेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. सिडकोच्या सेक्टरांनी वेढलेल्या गावठाणातला, आगरी घरातला हा मुलगा तीन वर्षे माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला, मराठीची पदवी घेतली आणि तुर्भे एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये लेथ शिकला. माझी ॲक्टिव्हा सकाळी सुरू करताना किरकिरू लागली होती. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले, मूठ कानाशी धरली आणि म्हणाला, “टायमिंग चेन ढिली झालीय, मॅडम. टेन्शनर बदलू. बसा अर्धा तास.” त्या अर्ध्या तासाचे तीन तास झाले, कारण समोरच्या टेबलावर एका पल्सरचे इंजिन उघडे पडले होते.

“पाम बीच रोडवर पळवणार का?” मी वर्गातल्या आवाजात विचारले. त्या रस्त्याच्या रात्री नवी मुंबईतल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असतात.

“रस्त्यावर नाय, मॅडम. ड्रॅगची गाडी आहे.” म्हणजे चारशे दोन मीटर सरळ रेषेत, घड्याळाविरुद्ध. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. हा तिथे आधी दुसऱ्याच्या गाडीचा मेकॅनिक म्हणून गेला होता. आता स्वतःचे इंजिन बांधत होता.

पुण्याच्या बजाजची पल्सर २००१ साली आली. तिच्या इंजिनात, माझ्या स्कूटरसारखीच, खालच्या क्रँकवरून वरच्या कॅमपर्यंत एक बारीक साखळी धावते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि कॅम व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. (ज्या आरएक्स-१००च्या नावाने आजही उसासे टाकले जातात, ती टू-स्ट्रोक, तिला असे कॅमचे व्हॉल्व्हही नाहीत आणि ही साखळीही नाही.) एकास दोन हे प्रमाण ऐकून मला लघु-गुरू आठवले नसते तरच नवल. पण ती सराईत उपमा फार पुढे जात नाही. मात्रा मोजताना कागद तापत नाही, इंजिन तापते.

मला वाटायचे, साखळी ढिली होते म्हणजे लोखंड ताणले जाते. तसे नसते. नव्वद-शंभर सांध्यांपैकी प्रत्येकात पिन कणभर झिजते, आणि त्या सगळ्या कणांची बेरीज साखळीची लांबी वाढवते. जुन्या गाडीत ढील येते ती अशी, वर्षांनी. शर्यतीच्या इंजिनात मात्र बांधणारा ती पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने आणतो. ताकद वाढवण्यासाठी त्याने हेड फेस करून घेतले होते, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर तासून काढला होता. त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण अधिक दाबले जाते. पण हेड अर्धा मिलिमीटर खाली आले की त्यावरचा कॅमही तितकाच खाली येतो. साखळी मात्र पूर्वीएवढीच राहते.

“ही ओढली जाणारी बाजू, ही सैल बाजू,” त्याने बोट फिरवून दाखवले. टेन्शनर फक्त सैल बाजू दाबतो. ओढल्या जाणाऱ्या बाजूला जो अर्धा मिलिमीटर उरला तो आधी क्रँकला आवरावा लागतो, मग कॅम हलतो. कॅम अंशभर मागे पडतो, क्रँकच्या हिशेबात जवळजवळ दोन अंश. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात, आणि सुरुवातीचा जोर जातो. त्यासाठी त्याने कॅमच्या चक्राची बोल्टची भोके लांबट करून घेतली होती. क्रँकला अंश आखलेली तबकडी लावायची, डायल गेजने व्हॉल्व्हची हालचाल पाहायची, चक्र किंचित पुढे सरकवायचे आणि आवळायचे. हे काम त्याने माझ्यासमोर चार वेळा केले. चौथ्यांदा का, असे विचारल्यावर म्हणाला, “तिसऱ्यांदा बरोबर आलं होतं. म्हणून.”

वेळ जुळली तरी ढील उरतेच, आणि धोका तिथे आहे. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा उघडतो. त्याने स्प्रिंगाही कडक घातल्या होत्या. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते, मिटताना तीच त्याला पुढे ढकलते. साखळीला एकदा हिसका, एकदा मोकळीक. सैल साखळी मग फटके मारू लागते. चक्राचा एक दात जरी चुकला तरी क्रँकचे वीस-पंचवीस अंश गेले, आणि तासलेल्या हेडखाली व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. वेगात हे घडले तर मागचे चाक जाम होऊ शकते, आणि चाकावर बसलेला असतो हा. पिस्टनवर त्याने लहान मुलांची खेळायची माती थापून इंजिन हाताने फिरवले होते. उठलेला ठसा कापून त्याची जाडी मोजली होती. मातीचा तो तुकडा त्याने मला दाखवला.

“मग घट्टच का करत नाहीस?” हा प्रश्न माझ्यातल्या वैदर्भाचा.

मूळचा आपोआप सरकणारा टेन्शनर काढून त्याने साधा बोल्टचा बसवला होता. किती आवळायचे हे आता स्प्रिंग नव्हे, माणूस ठरवणार. “गार असताना घट्ट केली तर तापल्यावर मरते,” तो म्हणाला. हेड आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचे, साखळी पोलादाची, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दीडशे मिलिमीटर अंतर आणि शंभर अंशांची वाढ धरली, तर फरक एक षष्ठांश मिलिमीटरच्या आसपास येतो. तेवढी सैल जागा थंड इंजिनात राखलीच पाहिजे. नाहीतर साखळी मार्गदर्शक पट्टी खाते, बेअरिंगवर ओझे टाकते आणि अखेरीस तुटते.

इथे मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने कॉलेजच्या वार्षिकासाठी कविता दिली होती: खाडी, मिठागर, आजोबांची गेलेली जमीन. आगरी बोलीत, ओळी लहानमोठ्या, काही अर्ध्यावर सोडलेल्या. मी ती तासली. मात्रा सारख्या केल्या, बोली बरीचशी पुसली, यमके बसवली. छापून आल्यावर प्राचार्यांनी कौतुक केले. त्याने पुन्हा कधी कविता दिली नाही, आणि मीही कधी मागितली नाही.

तबकडी पुसता पुसता मी तो विषय काढला. तो हसला. “आईने जपून ठेवलीय ती. मी एकदा वाचून दाखवायला गेलो तिला. दम लागला. थांबायला जागाच नाय त्यात.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

सायंकाळी त्याने इंजिन गाडीत चढवून सुरू केले. आवाज एवढा की शेजारचा चहावाला बाहेर आला. दहा मिनिटे तापू दिल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “कान लावा.” मूठ कानाला टेकवली तेव्हा सगळा गोंगाट मागे हटला आणि एक कोरडी, भरभर टकटक ऐकू आली. त्याने बोल्ट किंचित आवळला. टकटक विरली आणि तिच्या जागी एक बारीक रडका सूर उमटला. त्याने पुन्हा मागे घेतला. सूर गेला. टकटक परतली नाही, पण तिची चाहूल राहिली.

“इथे,” तो म्हणाला आणि नट आवळला. “उद्या गार झाल्यावर परत ऐकू.”

घरी येऊन मी जुन्या फायली उपसल्या. त्याच्या अक्षरातला तो कागद सापडला. माझ्या लाल शाईखाली पहिल्या सहा ओळी स्पष्ट वाचता येतात, सातवीत दोन शब्द लागत नाहीत. उद्या इंजिन ऐकायला जाताना तो बरोबर नेणार आहे. ते दोन शब्द त्यालाच विचारावे लागतील.