आमची डबी
(बी.ए. द्वितीय वर्ष)

‘स्वस्त’ या शब्दाशी आपले वागणे मोठे चमत्कारिक आहे. आठवडी बाजारात वांग्यांचा भाव करताना आपल्याला सारे स्वस्त हवे असते. तोच शब्द आपल्या कापसाच्या वाट्याला आला की मात्र आपण हवालदिल होतो. लुगडे स्वस्त मिळाले तर चारचौघींत सांगायची सोय नाही आणि महाग मिळाले तर घरात सांगायची सोय नाही! आमच्याकडचे दुकानदार तर ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ ही हिंदी म्हण गिऱ्हाइकाला ऐकवूनच अर्धा सौदा जिंकतात. या एका शब्दाने वस्तूची आणि ती बाळगणाऱ्या माणसाची किती मानहानी होते, हे मला आमच्या गाडीने शिकवले. २०२१ साली आमच्या दारात एक पिवळी नॅनो आली. आजीने तिला पाहिले आणि हळदीच्या डबीची उपमा दिली. तेव्हापासून ती आमची ‘डबी’ झाली.

नॅनोची कुळकथा सांगण्यासारखी आहे. भर पावसात एका स्कूटरवर अख्खे कुटुंब जाताना रतन टाटा यांनी पाहिले. नवरा, बायको आणि मधे कोंबलेली मुले. या माणसांना डोक्यावर छप्पर असलेले, परवडणारे वाहन का देता येऊ नये, हा प्रश्न तिथून सुरू झाला. उत्तर शोधण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात झाले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा गट कामाला लागला आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी जगापुढे आली. किंमत एक लाख रुपये! मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिने मध्यमवर्गाला मोटारीत बसवले होते. आता त्याच्या खालच्या पायरीवरच्या माणसाची पाळी होती.

एक लाखात गाडी बसवणे म्हणजे आमच्या आईने महिन्याचा किराणा बसवण्यासारखेच होते. जे नसले तरी भागेल ते आधी गेले. इंजिन दोनच सिलिंडरचे, ६२४ सीसीचे, आणि तेही मागच्या सीटखाली. वायपर एक. बाहेरचा आरसा एक. चाकाला चाराऐवजी तीन नट. मागचे दार उघडतच नाही. सामान ठेवायचे तर आतून सीट वाकवायची. पेट्रोलचे झाकण पुढच्या बॉनेटखाली. त्यामुळे पंपावर नवखा पोऱ्या असला की तो नळी हातात घेऊन आमच्या गाडीला एक प्रदक्षिणा घालतोच. आम्ही समोर बोट दाखवतो. मग तो आमच्याकडे असा बघतो, की जणू आम्ही त्याला इंजिनात पेट्रोल ओतायला सांगत आहोत!

या कथेतला एक अध्याय मात्र कास्तकाराच्या घरात वाढलेल्या मुलीला सहज ओलांडता येत नाही. गाडीचा कारखाना आधी पश्चिम बंगालमध्ये सिंगूर येथे व्हायचा होता. त्यासाठी ९९७ एकर जमीन संपादन झाली. काही शेतकऱ्यांनी मोबदला घेतला, काहींनी नाकारला. ममता बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी तिथून गाशा गुंडाळून गुजरातेत साणंदची वाट धरली. पुढे ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. गरिबाला गाडी मिळावी म्हणून गरिबाचेच वावर जावे, हा कसला न्याय? आणि कारखाना नको म्हटल्यावर तिथल्या बेकार पोरांनी कुठे जावे? या दोन्ही प्रश्नांना आमच्या पानठेल्यावर मोठमोठ्याने उत्तरे मिळतात. ज्याचे वावर गेले त्याच्या बाजूने विचार केला, की माझा आवाज मात्र खाली येतो.

२३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडी विक्रीस आली. मधल्या काळात लोखंडापासून सारे महागले होते, तरी पहिल्या गाड्यांची कारखान्यातली किंमत दिलेल्या शब्दाप्रमाणे एक लाखाच्या घरातच ठेवली गेली. दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नाव नोंदवले. सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक ठरवावे लागले. एवढी वाजतगाजत निघालेली वरात पुढे कुठे अडली? साणंदच्या कारखान्यात वर्षाला अडीच लाख गाड्या बनवण्याची सोय होती. पण २०११-१२ या सर्वांत चांगल्या वर्षातही पाऊण लाखाच्या आसपासच गाड्या खपल्या. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. त्या वेळी तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या पाचही भारतीय बनावटीच्या गाड्यांना शून्यच मिळाले होते, हेही खरे. पण शून्याची चर्चा नेहमी गरिबाच्याच घरी जास्त होते. जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली. त्यानंतर लवकरच तिचे बनणे थांबले.

कारणे अनेक असतील. परंतु ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ असा शिक्का तिच्यावर बसला हे दुर्दैव, असे पुढे स्वतः रतन टाटांनीच बोलून दाखवले. मला वाटते, नाडी इथेच सापडते. माणूस गाडी घेतो तेव्हा चार चाके तर घेतोच, पण आपण आता पायी चालणाऱ्यांतले राहिलो नाही हे गावाला सांगण्याची सोयही विकत घेतो. आणि ही गाडी तर गावाला उलटेच सांगत होती! ज्याच्याजवळ नवी नॅनो घेण्याइतके पैसे होते, त्याला ‘गरिबाची गाडी’ दारात नको होती. आणि जो खरोखर गरीब होता, त्याला लाख रुपयेही डोंगराएवढे होते.

या संदर्भात फ्रान्समधली एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. सित्रोएं कंपनीने १९४८ साली ‘टू सी.व्ही.’ नावाची गाडी आणली. ती मुळात तिथल्या शेतकऱ्यांसाठी आखली होती. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे तिने वाहावेत, आणि नांगरलेल्या रानातून जाताना टोपलीतले अंडे फुटू नये, अशी तिची अपेक्षा! पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी तिची टवाळी केली. पण ती १९९० पर्यंत बनत राहिली आणि ३८ लाखांहून अधिक खपली. ती कोणते काम करणार, हे तिच्या जन्माआधीच ठरले होते. नॅनोची ओळख मात्र कामाने झाली नाही, किमतीने झाली. माणसाचे काय आणि गाडीचे काय, कामाने झालेली ओळख टिकते.

असो. आता पॅरिसहून समुद्रपूरला येऊ. आमची डबी २०१२ सालची. बाबांनी ती हिंगणघाटच्या एका निवृत्त कारकुनाकडून घेतली. नव्या मोटारसायकलीपेक्षाही ती कमी पैशांत पडली. आमच्या ओळखीत आणखी काही नॅनोवाले आहेत. एका गुरुजींचे गुडघे गेलेले. सीट उंच असल्यामुळे वाकावे लागत नाही, म्हणून ते दुसऱ्या गाडीचे नाव काढत नाहीत. झेरॉक्सचे दुकान चालवणारे एक जोडपे कागदांच्या गठ्ठ्यांसह तिच्यातून हिंगणघाटला ये-जा करते. एक भाजीवाले काका मागची सीट वाकवून टमाट्यांची कॅरेट भरतात. त्यांना विचारले तर म्हणाले, “कमी खाते, ओझं वाह्यते अन् घरी आनून सोडते. बैलजोडीकडून तरी अजून काय पाहिजे वं?” गाडीची एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

यांतल्या गुरुजींनीच काय ती नवी घेतली. बाकी आम्ही सारे दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे धनी. म्हणजे पाहा, त्या पावसातल्या स्कूटरवरच्या कुटुंबापर्यंत गाडी पोहोचली खरी. पण ती शोरूमच्या दाराने पोहोचली नाही. तिच्या पहिल्या मालकाला तिचा कंटाळा आला, बाजारात तिची किंमत उतरली, तेव्हा मागच्या दाराने ती आमच्या अंगणात आली. तिला मागचे दार नाही असे कोण म्हणते?

२०२३ च्या हिवाळ्यात आजीची किडनी कामातून गेल्याचे निदान झाले. आठवड्यातून दोनदा सेवाग्रामला डायलिसिस. ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना जास्त सांगायला नको. जाताना माणूस कसाबसा बसतो, येताना त्याला मान धरवत नाही. मोटारसायकलीवर नेणे अशक्य. एस.टी.ने जावे तर जामला उतरून पुढच्या गाडीची वाट पाहत उभे राहायचे. भाड्याची गाडी करावी तर दोन खेपांत आठवड्याचा किराणा जायचा. त्या दिवसांत डबी नसती तर आजीचे उपचार किती आठवडे चालले असते, याचा हिशेब बाबांनी एकदा मांडला आणि अर्धवटच सोडून दिला.

पेरणीत आणि कापूस वेचणीत बाबांना वावर सोडता येत नसे. म्हणून अठरा पूर्ण होताच मी लायसन काढले. आमच्या गल्लीत चारचाकी चालवणारी मी पहिलीच मुलगी. जाम चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद मार्गाचे ट्रक दिसले, की आजी मागच्या सीटवर डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, “हळू चालव वं माय, मी हाओ ना आत.” अंड्याच्या टोपलीची ती फ्रेंच गोष्ट नंतर मी ग्रंथालयात वाचली, तेव्हा मला आजीच आठवली. वॉर्डात मात्र तिचा रुबाब निराळा. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगायची, “आमच्या घरची मोटर हाये. माही नात चालवते.” मोटार कोणती, ते ती सांगत नसे. त्या बाईनेही कधी विचारले नाही.

विचारणारे वेगळे असतात. नात्यातल्या एका लग्नात आम्ही मांडवाशी गाडी लावली, तेव्हा पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरलेले एक पाहुणे चारचौघांसमोर म्हणाले, “काय जी, मोटार आनली का खेळनं आनलं?” लोक हसले. माझ्या कानशिलाशी जाळ झाला. बाबांनी शांतपणे मागचे दार उघडले, आजीला हात दिला आणि म्हणाले, “पाव्हणे, माही माय बसते याच्यात.” हसणे थांबले. बाबा सातवी शिकलेले आहेत. वक्तृत्व स्पर्धेत मी दोन बक्षिसे मिळवली, पण एवढ्या थोडक्या शब्दांत सभा जिंकणे मला अजून जमलेले नाही.

मित्रांनो, हा शिक्का आपल्याही पाठीवर आहे. “काय करते? बी.ए.? आर्ट्स?” असे विचारताना समोरच्याचा सूर कसा उतरतो, ते तुम्ही सर्वांनी ऐकले असेल. फी कमी, गावाजवळचे महाविद्यालय, कोणालाही प्रवेश. म्हणजे स्वस्तातले शिक्षण! आमच्या घरात आजी अंगठा लावत असे, आई चौथीपर्यंत शिकली. त्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिली. हे महाविद्यालय महाग असते तर मी इथे नसते, इतका सरळ त्याचा अर्थ आहे. ज्याला उंचावरून पाहायची सवय आहे त्याला ते स्वस्त दिसते. खालून चढणाऱ्याला ती पायरी दिसते, आणि पायरीवर पाऊल ठेवताना तिची किंमत कोणी विचारत नाही. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी नॅनोचा उल्लेख त्यांचे फसलेले स्वप्न म्हणून केला. कंपनीच्या खातेवहीत ते फसले असेल. आमच्या घरच्या वहीत त्याची नोंद जमेच्या बाजूला आहे.

गेल्या आषाढात आजी गेली. २०२७ मध्ये डबीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होतील. तपासणी करून नोंदणी पुढे वाढवायची की गाडी मोडीत द्यायची, हे तेव्हा ठरवावे लागेल. भंगारवाला आताच दोनदा चौकशी करून गेला. धाकट्या भावाला मोठी गाडी हवी आहे. बाबा काही बोलत नाहीत. फक्त दर रविवारी तिला धुतात. आईने मात्र आपल्यापुरता निर्णय केलेला दिसतो. सोयाबीन निघाल्यापासून वावराच्या वाटेवर ती माझ्याकडून गाडी शिकते आहे. अजून तिसरा गिअर पडत नाही; पण परवा तिने मला खाली उतरवले आणि धुऱ्यापर्यंत एकटी जाऊन आली.