दिले आणि आणले

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली, तेव्हा तळमजल्यावर औषधांचे दुकान आले. त्या दिवसापासून डॉक्टरांची पायरी आम्ही जवळजवळ विसरलोच. दुकानदार मनुष्य गोड. "काय होतंय, मास्तर?" असे विचारी, कात्रीने चार गोळ्या कापून देई आणि वर "पोटात काही घालून घ्या हं" असे बजावी. फी नाही, रांग नाही. मला तो सोयीचा वाटे आणि खरे सांगायचे तर आपला वाटे. कारण मी स्वतः मॅट्रिक. शाळेत चित्रकला शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. आणि या दुसऱ्या धंद्यासाठी मला आजवर कोणी परवाना विचारलेला नाही. मोठ्या पदवीवाचून माणसाला अक्कल नसते, हे म्हणणे मला फार दिवसांपासून झोंबत आले आहे.

गेल्या पावसाळ्यात आईला लघवीला जळजळ होऊ लागली. वय सत्त्याहत्तर, असल्या गोष्टीसाठी डॉक्टरांकडे जायचा तिला संकोच. मी खाली गेलो, दुकानदाराला हळूच सांगितले आणि पाच अँटिबायोटिक गोळ्या घेऊन वर आलो. दोन गोळ्यांत जळजळ थांबली. उरलेल्या तीन आईने डब्यात जपून ठेवल्या; तिने आयुष्यात काही टाकून दिलेले नाही. आठ दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला. ती असंबद्ध बोलू लागली, मला वारलेल्या काकांच्या नावाने हाका मारू लागली. रुग्णालयात समजले की जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले आहेत. आणि तपासणीच्या कागदावर, मी आणलेले औषध त्यांना लागू पडत नाही, असे स्वच्छ छापून आले.

"हे औषध कोणी दिलं?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"दुकानातून आणलं," मी म्हणालो.

कादंबरी लिहिणाऱ्याला क्रियापदांतला फरक कळतो. 'दिले' म्हटले की कोणीतरी देणारा आला, त्याला जाब विचारता येतो. 'आणले' म्हटले की देणारा नाहीसा होतो.

नऊ दिवसांनी आई घरी आली. मग मी गोळ्यांचे ते पाकीट उलटून वाचले. त्यावर तांबडी उभी रेघ होती आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये, अशी ताकीद. हे बंधन १९४५ च्या औषध नियमांतले. मार्च २०१४ पासून तर काही निवडक औषधांसाठी दुकानात निराळी वही ठेवावी लागते: चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, दिलेले औषध, आणि ती तीन वर्षे जपायची. आमच्या आईचे नाव कोठल्याच वहीत नव्हते.

माझी भाची इंग्लंडात असते. तिला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, "मामा, इथे औषधवाले चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतात." मी कान टवकारले. तिकडे शिक्षण घेतलेल्या औषधवाल्यांना स्वतः चिठ्ठी लिहिण्याचा हक्क २००६ सालीच मिळाला. आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून सात साध्या दुखण्यांवर ते दुकानातच उपचार करतात. बायकांच्या लघवीची जळजळ त्यांत आहे. माझा जीव थोडा हलका होतो न होतो तोच ती पुढे म्हणाली, "पण सोळा ते चौसष्ट वयापर्यंतच." म्हणजे तिथल्या दुकानदारानेही आईला डॉक्टरकडेच धाडले असते!

इकडे आपल्या राज्यात भांडण पेटले आहे ते होमिओपॅथांवरून. २०१४ साली कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांना ॲलोपॅथीची वाट मोकळी केली. डॉक्टर कोर्टात गेले. आणि २०२५ साली त्यांच्या नोंदणीचा प्रश्न पुढे आला तेव्हा १८ सप्टेंबरला डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला. आमच्या शिक्षकखोलीत दोन तट पडले. एकाने १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला: मुंबईच्या एका होमिओपॅथाने तापाच्या रोग्याला ॲलोपॅथीची औषधे दिली, रोगी दगावला, तीन लाखांची भरपाई द्यावी लागली. दुसरा म्हणाला, "खेड्यात तुमचा एम.बी.बी.एस. जातो कुठे?" हाही सवाल खोटा नाही.

मला मात्र गडचिरोली आठवत राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केले. त्या माझ्याहूनही कमी शिकलेल्या. त्यांनी बाळांचे श्वास मोजले, जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्यांना झोपडीत जेंटामायसिनची सुई टोचली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पदवीवाचूनच ना? पण त्यांना थोडीच दुखणी शिकवली होती, वर तपासणारे माणूस होते, लिहून ठेवायचे होते. आणि सुई टोचलेल्या बाळाच्या दारी उद्या पुन्हा जायचे होते. आमचा दुकानदार चार जिने चढून कधी वर आला नाही. त्याने का यावे? मी त्याच्याकडून औषध 'आणले' होते.

आता मी चिठ्ठीवाचून गेलो की तो ओशाळतो, मीही ओशाळतो, आणि आम्ही पावसाबद्दल बोलतो.

दिवाळीची साफसफाई करताना आईच्या डब्यात त्या तीन गोळ्या सापडल्या. मी टाकायला निघालो, तर ती म्हणाली, "राहू दे रे. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."