कळ

मराठी भाषेतील 'कळ' हा शब्द मोठा खोडकर आहे. पोटात उठते तीही कळ, दोघे भांडावीत म्हणून कोणी काढतो तीही कळ, आणि भिंतीवर बोट ठेवताच दिवा लावते तीही कळच! आमच्या घरची बोली कोकणी. तेथे आम्ही नुसते 'बटण दाम' म्हणून मोकळे होतो. परंतु कॅम्पातील मुलांना मराठी शिकवू लागल्यापासून या शब्दावर आमचा विशेष लोभ जडला आहे. त्यातही आज आम्हांस सांगावयाचे आहे ते दिव्याच्या कळीविषयी नव्हे, तर खेळांतील कळीविषयी. वडीलधाऱ्या वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.

आमच्या शाळकरी वयात कॅम्पातील एका संगणक-वर्गात आठवड्यातून एक तास आमच्या वाट्याला येत असे, आणि त्या तासातील अर्धा वेळ आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळात घालवीत असू. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो रचला आणि १९८९ साली तो बाजारात आला. आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धडपडतो. राजकन्येला सोडविण्यास त्याला अवघी ६० मिनिटे मिळतात.

त्या तळघरात काही फरशा किंचित उचललेल्या असत. त्यांवर पाऊल पडले की कोठेतरी लोखंडी जाळीचे दार वर जाई. पाऊल काढले की ते दार हळूहळू खाली येऊ लागे, आणि ते मिटण्यापूर्वी धावत जाऊन पलीकडे निसटावे लागे. गंमत अशी, की दार पुष्कळदा दुसऱ्याच दालनात असे. आपण येथे काय केले ते तेथे गेल्यावाचून समजत नसे. काही फरशा तर उलट्या गुणाच्या. त्यांवर पाय पडला की उघडे दार खाडकन मिटे! आमच्यातील एका चतुर मित्राने शोध लावला होता की वरची सैल फरशी खाली कळीवर पाडली, तर तिच्या ओझ्याने दार कायमचे उघडे राहते. त्या दिवशी वर्गात त्याला न्यूटनाइतका मान मिळाला.

आणि आठव्या टप्प्यातील तो उंदीर! राजपुत्र जाळीच्या अलीकडे अडकतो. कळ पलीकडे, हात पोहोचत नाही. आम्ही हताश होऊन बसलो असता एक इवलासा पांढरा उंदीर तुरुतुरु धावत आला आणि नेमका त्या फरशीवरून गेला. दार उघडले. राजकन्येनेच त्याला धाडले होते. इतक्या वर्षांत वाचलेल्या कित्येक कादंबऱ्यांतील सुखान्त आम्ही विसरलो, पण तो उंदीर विसरलो नाही.

जपानी खेळांत कळीची जात आणखी निराळी. १९८८ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये एक कळ चेपली की विटांची नाणी होतात आणि नाण्यांच्या विटा होतात. पण केवळ काही क्षण. जी वाट नाण्यांची म्हणून लोभाने धरावी, तीच भिंत होऊन उभी राहते. उलटपक्षी १९९० सालच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड' मध्ये पिवळा, हिरवा, तांबडा आणि निळा असे कळींचे चार महाल आहेत. त्यांतील कळीवर एकदा उडी मारली, की साऱ्या खेळभर त्या रंगाच्या, आजवर ठिपक्यांनी नुसत्या आखलेल्या पोकळ चौकटी भरीव होतात. ही कळ परत फिरत नाही. आमच्या सीमाभागातील वृद्धांना असा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले; घर, विहीर, आंब्याचे झाड होते तेथेच राहिले, पायाखालचे राज्य मात्र एका रात्रीत दुसरे झाले.

परंतु आम्ही पाहिलेली सर्वांत जुनी कळ कोणत्याही पडद्यावर नाही. ती गोव्यात, आमच्या आजोळी होती. तेथील खाडीकाठच्या खाजण शेतीत बांधाच्या तोंडाशी लाकडी दारे बसविलेली असतात. त्यांना 'मानस' म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते आणि खारे पाणी शेताबाहेर राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तेच दार उघडते. कोणी दाबावयाचे नाही, कोणी सोडावयाचे नाही. आजोबा रात्री अंथरुणातून कान देऊन म्हणत, "मानस लागली," आणि कूस बदलून झोपत. त्या आवाजावर आमच्या आजोळचे वर्षाचे भात अवलंबून होते. पुढे घरे एकेक करून ओस पडली, मुले शहरांत गेली, दाराच्या फळ्या कुजल्या आणि बदलावयास कोणी उरले नाही. एका पावसाळ्यात दार मिटलेच नाही. आज त्या शेतात खारफुटी उभी आहे, आणि आमच्या मातोश्री गोव्यास गेल्या तरी त्या वाटेने जात नाहीत.

हे सारे यंदा नववीच्या वर्गात बोलण्याच्या ओघात सांगितले गेले. शाळेच्या संगणक-कक्षात मुले 'स्क्रॅच' वर छोटे खेळ रचतात. कळ म्हणजे त्यांच्या लेखी एक शून्य किंवा एक. एक असेल तर दार उघडे, शून्य असेल तर बंद. इतकी मोठी करामत इतक्या क्षुद्र अंकावर उभी आहे, हे पाहून आमच्यासारख्या कला शाखेच्या माणसाने थक्कच व्हावे. एकाने कळ अशा कोनाड्यात दडविली की कोणालाच सापडेना. मित्र त्याच्यावर धावून गेले. आधी बंद दार दिसले पाहिजे, मगच कळ शोधण्याची ओढ लागते, असा निवाडा वर्गाने दिला. आणि तो आम्हांस कित्येक पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांना कळवावासा वाटला.

त्याच वर्गातील एका मुलीने पंधरा दिवसांनी आपला खेळ आम्हांस दाखविला. बांध, भाताची खाचरे, चढणारे पाणी. खेळाडूने दार दुरुस्त करावयाचे, तेही पाणी वर येण्यापूर्वी. फळ्या बांधावर विखुरलेल्या. एक फळी जरी राहिली तरी शेत पांढरे पडते. आम्ही तीनदा खेळलो आणि तीनदा शेत बुडविले. चौथ्या वेळी दार मिटले, आणि तिने कोठून आणला कोण जाणे, पण लाकडावर लाकूड आदळल्याचा आवाज आला.

खेकडे तिने निळे रंगविले होते. कारण विचारले तर म्हणाली, "सर, लाल रंग फळ्यांसाठी ठेवलाय. नाहीतर त्या दिसणार कशा?"