कोलवाळचे घर

चारोटीच्या आसपासच्या वारली पाड्यांवर कारवीच्या कुडाला शेणामातीचा हात वरचेवर फिरवावा लागतो. तो थांबला की भिंत आणि तिच्यावरचे चित्र, दोन्ही जातात. गोव्यातील जांभ्या दगडाची घरे दणकट खरी. पण वारसदार मुंबईला, लिस्बनला वा आखातात गेले की कौले निसटतात, वाशांना वाळवी लागते आणि दारावर कुलूप तेवढे उरते.

बार्देशातील कोलवाळ गावचे ‘कासा दोना मारिया’ हे सुमारे साडेचारशे वर्षांचे घर या गतीला गेले नाही. ते सांभाळले वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) आणि त्यांचे फ्रेंच जोडीदार जेरोम मॅरेल यांनी.

२००२ साली या दोघांनी गोव्यातच, फ्रेंच कायद्यानुसार, आपल्या सहजीवनाची नोंद केली. भारतात तेव्हा कलम ३७७ लागू होते. ज्या घराचे छप्पर ते राखत होते, त्याच छपराखालचे त्यांचे सहजीवन येथील कायद्याच्या लेखी गुन्हा ठरू शकत होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. आणि जेमतेम दीड महिन्याने, २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी, पद्मश्रीच्या यादीत रॉड्रिक्स यांचे नाव होते! एकाच राज्यव्यवस्थेची ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत.

घराबरोबर त्यांनी वस्त्रेही राखली. गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची चौकड्यांची कुणबी साडी त्यांनी पुन्हा मागावर आणली. मांडो नृत्याच्या पानो-भाजूचा मागोवा घेतला. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास ‘मोडा गोवा’ या ग्रंथात मांडला.

समलिंगी पुरुषांना जुन्या वास्तूंची ओढ का, यावर अमेरिकन लेखक विल फेलोज यांचे २००४ चे पुस्तक आहे. त्यांचा कल या ओढीचे मूळ स्वभावात शोधण्याकडे. ते पुरते पटत नाही. ज्याच्या नात्याला कायदा ओळखत नाही, त्याला ‘आपल्यामागे हे कोण पाहील?’ हा प्रश्न इतरांहून आधी पडत असावा.

रॉड्रिक्स यांनी या प्रश्नाचे उत्तर संग्रहालयात शोधले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मोठे घर पेहरावांच्या संग्रहासाठी मोकळे करून दोघे गावातल्याच लहान घरात राहायला गेले. ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल त्यांनी पाहिला. १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळमध्येच त्यांचे निधन झाले, तेव्हा संग्रहालयाचे काम चालूच होते.