कासाबे, नारळ आणि बाराकोआची चूल

क्यूबाविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते साखर, तंबाखू आणि राज्यक्रांती या तीन विषयांपलीकडे क्वचितच जाते. आणि तिथल्या खाद्यपदार्थांविषयी जे प्रवासी लिहितात ते बहुधा हवानातील हॉटेलांच्या भोजनगृहांत बसून लिहितात, त्यामुळे त्या बेटावरची माणसे आपल्या घरी काय रांधतात आणि ते तसेच का रांधतात, हा प्रश्न बाजूलाच पडतो. माझे मत असे झाले आहे की, या देशाचे अन्न समजून घ्यावयाचे असेल तर दोन ठिकाणे पाहणे अवश्य आहे: एक, हवानाच्या गल्लीतले सरकारी शिध्याचे दुकान, आणि दुसरे, बेटाच्या पूर्व टोकाचे बाराकोआ, जिथे १५११ साली दिएगो वेलास्केसने स्पॅनिश अंमलाचे पहिले ठाणे वसविले आणि जिथे त्या अंमलापूर्वीची भाकरी आजही भाजली जाते.

हवानात मी एका वृद्ध विधवेच्या घरी भाड्याने खोली घेऊन राहिले होते. सकाळी तिच्याबरोबर शिधा आणावयास जाण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा तिला प्रथम नवल वाटले आणि मग आनंद झाला. मार्च १९६२ मध्ये सुरू झालेली शिधापत्रिकेची पद्धत अद्याप चालू आहे. दुकानाच्या भिंतीवर फळा असतो, त्यावर त्या महिन्यात कोणता जिन्नस आला आणि दरडोई किती मिळणार हे खडूने लिहिलेले असते, आणि दुकानदार प्रत्येकाच्या वहीत नोंद करूनच तांदूळ, साखर, घेवडा मापून देतो. दूध मिळते ते सात वर्षांपर्यंतच्या मुलांना. कॉफी मिळते ती भाजलेले वाटाणे मिसळलेली. फळ्यावर लिहिलेले सारेच दुकानात असते असे नाही, आणि असलेले महिनाभर पुरते असेही नाही. म्हणून उरलेल्या गरजेसाठी घरोघरच्या बायका बाजारपेठा, ओळखीपाळखी आणि शेजारपाजार धुंडाळीत असतात. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून येणारे इंधन आणि धान्य थांबले, त्या हलाखीच्या वर्षांची आठवण काढताना त्या बाईंचा स्वर बदलत असे. आताचे दिवसही सोपे नाहीत, हे त्या स्पष्टपणे सांगत. स्वयंपाकाला लागणारे निम्मे श्रम चूल पेटण्यापूर्वीच खर्ची पडतात, हे ज्याने पाहिले नाही त्याला पुढे ताटात आलेल्या अन्नाचे मोल कळणे कठीण आहे.

त्या दिवशी घरात काळ्या घेवड्याचा भात झाला. हवानाकडे तो काळ्या घेवड्याचा करतात आणि त्याला ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ म्हणतात. पूर्वेकडे तांबडा घेवडा घालतात, त्याला ‘कोंग्री’ म्हणतात. रात्रभर भिजविलेला घेवडा नुसत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा, ते काळेभोर पाणी जपून ठेवायचे, आणि मग कढईत चरबीवर लसूण, कांदा, जिरे, तमालपत्र, ओरेगानो आणि ‘अही काचुचा’ नावाची बुटकी, सुगंधी, परंतु तिखट नसलेली मिरची परतून त्यावर तांदूळ घालायचे आणि घेवड्याच्याच पाण्यात ते शिजू द्यायचे, म्हणजे प्रत्येक शीत आतपर्यंत रंगते. पाणी आटू लागले की झाकण ठेवून आच अगदी मंद करतात, आणि मग त्या बाई कोणालाही झाकण उचलू देत नसत. तळाशी जी खरवड धरते तिच्यासाठी नातवंडांत ओढाताण होते. पाहुणी म्हणून मला तिचा मोठा तुकडा देण्यात आला. आपल्याकडील जिभेला हे अन्न प्रथमदर्शनी सौम्य वाटेल, कारण तिखटपणाला तिथे स्थानच नाही. परंतु जिरे आणि लसूण यांच्या प्रमाणाविषयी तेथील गृहिणींचा कटाक्ष पाहिला म्हणजे सौम्यपणा आणि बेचवपणा यांतील भेद ध्यानात येतो. जे मांस खात नाहीत त्यांनी मात्र फोडणी डुकराच्या चरबीची की तेलाची, हे आधी विचारून घ्यावे. यजमान राग मानीत नाहीत.

आंबट नारिंगाचा रस, कुटलेला लसूण आणि जिरे यांत मुरविलेले, सावकाश भाजलेले डुक्कर हे सणाचे अन्न होय. त्याचा दिवस नाताळाच्या आदल्या रात्रीचा. परंतु १९६९ साली नाताळची सुट्टी रद्द झाली ती १९९७ पर्यंत परत आली नाही, आणि त्या अवधीत पुष्कळ कुटुंबांनी हा बेत वर्षअखेरच्या रात्रीवर नेला. तंतूतंतू सुटेपर्यंत शिजविलेले गोमांस, ज्याला ‘रोपा विएहा’ म्हणतात, ते प्रवाशांच्या पुस्तकांत पहिल्या पानावर असले तरी घरात दुर्मीळ आहे, कारण गुरे कापण्यावर सरकारचे निर्बंध दीर्घकाळ अत्यंत कडक होते; खाजगी भोजनगृहांत ते पुष्कळदा मेंढीच्या मांसाचे मिळते.

रोजच्या ताटाचा खरा आधार कंदमुळे आणि केळी. कसावा, रताळे, मालांगा आणि कच्ची केळी यांना बाजारात वेगळी रांग असते. मालांगा म्हणजे आपल्या अळकुडीच्या कुळातला कंद; त्याची मऊ लापशी अर्भकांना आणि आजाऱ्यांना देतात, आणि घरात लहान मूल असले की तो मिळविण्यासाठी आजी गावभर फिरते. उकडलेल्या कसाव्यावर कडकडीत तेलातला लसूण आणि नारिंगाचा रस ओततात, तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो. हे सारे कंद, मका आणि मांस एकत्र शिजवून जो रस्सा होतो त्याला ‘आहियाको’ म्हणतात. फेर्नांदो ओर्तिस या विद्वानाने १९३९ साली हवाना विद्यापीठातील व्याख्यानात क्यूबाच्या समाजालाच त्या रश्श्याची उपमा दिली होती. मूळच्या ताईनो लोकांचे कंद, स्पॅनिश लोकांचे डुक्कर आणि तांदूळ, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची भेंडी आणि कुटलेली केळी, १८४७ पासून करारावर आणलेले चिनी मजूर, १७९१ च्या उठावानंतर हैतीहून आलेली कुटुंबे: एवढ्या साऱ्यांचा वाटा त्यात आहे. ओर्तिसची उपमा मला मान्य आहे. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही की या भांड्यात जे आले त्यांपैकी पुष्कळांना बेड्या घालून आणले गेले होते, आणि गुलामगिरी तिथे १८८६ पर्यंत चालू होती.

बाराकोआला जाण्यासाठी ग्वांतानामोहून ‘ला फारोला’ नावाच्या घाटरस्त्याने डोंगर ओलांडावा लागतो. १९६० च्या दशकात हा रस्ता होईपर्यंत गावाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार मुख्यतः समुद्रमार्गेच चाले, आणि या एकाकीपणामुळेच तिथला स्वयंपाक उर्वरित क्यूबाहून निराळा राहिला. घाटात वळणावळणावर माणसे ‘कुकुरुचो’ विकत उभी असतात: ओले खोबरे, मध किंवा साखर आणि संत्रे किंवा पेरू यांचा आटवलेला मऊ गोळा, ताडाच्या पानाच्या शंकूत बांधलेला.

गावात ज्या घरी मी उतरले तिथल्या आजींनी पहिल्याच संध्याकाळी नारळ खवावयास घेतला, आणि माझे बालपण रत्नागिरीत गेले असल्यामुळे मी न विचारताच दुसरा नारळ हातात घेतला. खोबरे पिळून काढलेल्या रसात लसूण, मिरची, टोमॅटो आणि शेंदरीच्या बियांचा तांबूस रंग घालून जी आमटी होते तिला तिथे ‘लेचिता’ म्हणतात, आणि तीत मासा किंवा कोळंबी शिजवितात. आमसूल नाही, हळद नाही, तिखट नाही. तरीही पहिला घास घेताच मला आईच्या हातचे सारच आठवले. ‘बाकान’ नावाचा दुसरा पदार्थ किसलेल्या कच्च्या केळ्यांचा. नारळाच्या रसात भिजवून, मध्ये खेकडा किंवा डुकराचे मांस भरून, केळीच्या पानात बांधून तो उकडतात. वर्षाच्या उत्तरार्धात, कृष्ण पक्षात, तोआ नदीच्या मुखाशी ‘तेती’ नावाचे सुईएवढे मासे थव्यांनी येतात, तेव्हा गावाचे चंद्राच्या तिथींकडे बारकाईने लक्ष असते.

परंतु मी आले होते ती कासाबेसाठी, म्हणजे कसाव्याच्या त्या जुन्या भाकरीसाठी. आजींच्या भावाच्या शेतावर मला ती पाहावयास मिळाली. कडू जातीच्या कसाव्यात विष असते. म्हणून कंद सोलून, किसून, तो कीस दाबाखाली पिळून त्यातला सर्व रस काढून टाकतात, मग वाळलेला चोथा चाळून त्याचे भरड पीठ करतात. तापलेल्या तव्यावर ते पीठ नुसते पसरावयाचे. पाणी नाही, तेल नाही, मळणे नाही. उरलेल्या ओलाव्याने आणि उष्णतेने कण एकमेकांना धरतात, फळीने कडा सारख्या करीत भाकरी उलटतात आणि शेवटी उन्हात ठेवतात. पूर्वी हा तवा मातीचा असे, आणि पुरातत्त्वज्ञांना ताईनो वस्त्यांतून अशा तव्यांचे तुकडे मिळतात. कोरडी राहिली तर ही भाकरी महिनोन् महिने टिकते. १५१९ साली एर्नान कोर्तेस क्यूबाहून मेक्सिकोवर चालून गेला तेव्हा त्याच्या जहाजांतील शिध्यात हीच होती. ज्यांनी ती शोधून काढली त्या लोकांचा संहार करणाऱ्यांचे पोट तिनेच भरले, हा विचार त्या तव्याशेजारी बसून माझ्या मनातून जाईना.

त्या कोरड्या पिठाचा वास मला परका नव्हता. आपल्या उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात हे झाड अमेरिकेहून आपल्या किनाऱ्यावर आले. आणि आजी ज्या नारळाचा रस पिळीत होत्या तो नारळ उलट दिशेने गेला आहे: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार अटलांटिक किनाऱ्यांवरील नारळ हिंदी महासागराच्या कुळातले ठरतात. हे मी आजींना सांगितले तेव्हा त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीची कृती तपशीलवार विचारून घेतली आणि शेंगदाण्याचे कूट घालतात हे ऐकून पसंतीने मान हलवली. शेंगदाणाही त्यांच्याच बाजूच्या जगातला.

२०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कासाबेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. क्यूबाबरोबर हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास आणि व्हेनेझुएला हे देशही त्या नोंदीत आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे, परंतु शेतावर किसणी धरणारे हात साठीच्या पुढचे होते आणि त्या घरची तरुण मुले देश सोडून गेली होती. म्हणून जो कोणी तिकडे जाईल त्याला माझी विनंती आहे की, हवानाची भोजनगृहे पाहून झाल्यावर पूर्वेकडे दोन दिवस अधिक ठेवावेत, ज्या घरी उतराल तिथे रात्रीचे जेवण काय हवे ते सकाळीच सांगावे, म्हणजे त्यांना बाजार धुंडाळण्यास वेळ मिळेल, आणि कासाबे ताटात आली तर ती कोरडी खाऊ नये. लेचितेत बुडवून, मऊ होऊ लागताच खावी.