पैलवानाच्या पोटऱ्या

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादा मुलगा पळताना सारखा मागे राहतो का? जिना चढताना कठड्याला धरतो का? मग त्याला हसण्याआधी माझी गोष्ट ऐका.

आम्ही शिरूरचे. 1991 सालच्या मे महिन्यात सुट्टीला मामाकडे दौंडला गेलो होतो. मामा रेल्वेत. संध्याकाळी आम्ही पोरं गाड्या बघायला स्टेशनच्या पुलावर पळत चढायचो. माझा सात वर्षांचा मामेभाऊ मात्र एकेक पायरी चढायचा. खाली बसला, की गुडघ्यांवर हात टेकत उठायचा. पण पोटऱ्या बघाल तर आमच्याहून जाड! "पैलवानाच्या पोटऱ्या नि म्हाताऱ्याची चाल!" मी चिडवलं. तोही हसला. ते हसू मला अजून टोचतं.

पुढे मामानं त्याला पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तपासायला सांगितलं. त्याचं नाव क्रिएटिन कायनेज. तेव्हा रिपोर्टवर 'सी.पी.के.' लिहीत.

हे विकर तुमच्या-माझ्याही स्नायूंत असतं, बरं का! आपण एकदम पळत सुटलो, की स्नायूतली तयार ऊर्जा दोन-तीन सेकंदांतच संपते. मग हे विकर क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून ती झटपट भरून देतं. आईच्या पोटातल्या बाळात त्याचा वेगळा प्रकार असतो. स्नायू तयार होत जातात, तसा तो बदलतो.

पण त्याची जागा पेशीच्या आत. रक्तात ते थोडंसंच असायला हवं. भावाच्या रक्तात कितीतरी पट निघालं! कारण डिस्ट्रॉफिन हे प्रथिन त्याच्या स्नायूंत बनतच नव्हतं. 1987 साली शोध लागलेलं हे प्रथिन पेशीचं आवरण सांभाळतं. ते नसलं, की हालचालीनं आवरण फाटतं नि विकर बाहेर गळतं. मूल वाढतं, तशी मोडतोड दुरुस्तीच्या पुढे जाते. स्नायूच्या जागी चरबी भरते. त्या 'पैलवानाच्या' पोटऱ्या अशा होत्या!

हा ड्यूशेन नावाचा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. औषधांनी त्याचा वेग कमी करता येतो, पण तो पुरता बरा आजही होत नाही.

पुढच्या सुट्ट्यांत मी त्याला पाठीवर घेऊन पूल चढायचो. मालगाडीचे डबे मोजायचं काम त्याचं. बाराव्या वर्षी त्याला चाकांची खुर्ची आली.

तो आळशी कधीच नव्हता. तुमचा मित्र असा मागे राहिला, तर त्याच्यासाठी थांबा. आणि घरी मोठ्यांना नक्की सांगा. सांगाल ना?